सात काळी लिंबं आणि एक इराणी भाजी

"सात हायत. मी दोनदा मोजली," काकू गच्चीवर कुणालातरी हळूच सांगत होत्या.

मी माझ्या ओट्यापाशी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. ओट्यावरची खिडकी गच्चीकडे उघडते. त्यामुळे गच्चीवरचं सगळं मला ऐकू येतं, आणि ऐकू आलं हे मी कधी कुणाला कळू देत नाही.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. राहुरीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी माती आणि पाणी तपासण्याचं काम करते, आणि काकूंच्या गच्चीला लागून असलेल्या एका खोलीत राहते. ज्यांना त्या सांगत होत्या ते काका. काका गुडघ्यामुळे जिना कधी चढत नाहीत. त्या मंगळवारी संध्याकाळी ते वर आले होते, यावरूनच मला कळायला हवं होतं की प्रकरण मोठं आहे.

"काळा दोरा, खाली बिब्बा, आन दाराच्या बरोबर वर," काकू म्हणाल्या. "हात लावू नका. नुसतं बघा."

मी जुडी ओट्यावर ठेवली. सात लिंबं, काळा दोरा, दाराच्या वर. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. फक्त बिब्बा कोण ते कळेना. मी मोबाईलवर शोधलं, फोटो बघितला, आणि लक्षात आलं की तो बिब्बा म्हणजे माझ्या जुन्या कुर्त्याचं काळं बटण होतं.

लिंबं माझी होती. भाजीत घालण्यासाठी मी ती वाळत घातली होती.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं. मी जेवते ती मेस मंगळवारी बंद असते. कित्येक महिने मंगळवारी रात्री मी पोहे, नाहीतर बिस्किटं, नाहीतर पोह्यांचा कंटाळा आला म्हणून बिस्किटं असं खात आले. मग कामावर सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेला माझा कागद देताना तिथल्या बाईंनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मी खरंच उभी आहे ना याची खात्री केल्यासारखं पुन्हा माझ्याकडे. आईला नगरला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, पालेभाज्या खा. मी म्हटलं, खाते. आमच्या घरात एवढ्यावर विषय संपतो.

पालेभाज्यांच्या शोधात मला तो व्हिडिओ सापडला. त्यात एक शांत आवाजाची बाई इराणी पद्धतीची भाजी करत होती. मूळ भाजीत मटण असतं, पण तिने ते वगळून राजमा घातला होता. बाकी मेथी, कोथिंबीर, पालक, कांद्याची पात, सगळं बारीक चिरून तेलात काळपट हिरवं होईपर्यंत परतायचं, राजमा आणि पाणी घालायचं, आणि मंद गॅसवर सोडून द्यायचं. सोपी, पौष्टिक, कामावरून दमून आल्यावरही होणारी, असं ती म्हणाली. 'सोपी' म्हणणाऱ्या माणसांवर माझा लगेच विश्वास बसतो. त्याआधी इराणी म्हटलं की मला फक्त चहा माहीत होता. त्या लोकांच्या घरी एवढी मेथी खातात, हे कळल्यावर मला ते एकदम शेजारचे वाटायला लागले.

अडचण एकच होती. भाजीत वाळलेली लिंबं लागतात. काळी पडलेली, हलकी, हलवली तर आत बी वाजणारी. त्यानेच भाजीला चव येते, बाकी सगळं ठीक आहे, असं ती बाई म्हणाली. मी किराणा दुकानात गेले. तिथे उभी राहिले. 'वाळलेली काळी लिंबं आहेत का' हे वाक्य त्या दुकानात आजवर कुणी बोललं नसणार, आणि ते पहिल्यांदा बोलणारी व्यक्ती मी व्हावं असं मला वाटेना. बिस्किटाचा पुडा घेऊन परत आले.

मग घरीच वाळवायची ठरवली. मिठाच्या पाण्यात उकळायची आणि उन्हात ठेवायची, बस. राहुरीत उन्हाळ्यात ऊन मागावं लागत नाही. पण गच्चीवर जागा नव्हती. साड्यांवर कुरडया, प्लॅस्टिकवर पापड, खाटेवर सांडगे, कठड्यावर मिरच्या. पाय ठेवायलासुद्धा वाट शोधावी लागे, आणि एकदा ती मला सापडली नाही, त्याबद्दल पुढे. मी आठ लिंबं एका ताटलीत कठड्याच्या कोपऱ्यात ठेवली. अर्ध्या तासात एक कावळ्याने नेलं. राहिली सात.

म्हणून मी ती ओवली. प्रवासात उपयोगी पडावं म्हणून आईने दिलेल्या सुईदोऱ्याच्या पाकिटात तेवढा काळा दोरा उरला होता, कारण पांढरा मी आधीच संपवला होता. लिंबं घसरू नयेत म्हणून खाली बटण बांधलं. आणि जिन्याच्या दारावर, गच्चीच्या बाजूला, भरपूर ऊन येतं अशा ठिकाणी एक रिकामा खिळा होता, त्याला अडकवली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. छान दिसत होती. माळ सरळ लटकतेय का, हे बघायलाच मी मागे सरकले होते, आणि तेव्हा माझा पाय काकूंच्या कुरडयांवर पडला. चुरा मी गोळा करून खालच्या बाजूला सारला आणि वर अख्ख्या कुरडया मांडल्या.

तो शनिवार होता. अमावास्याही होती. सकाळपासून शिंगणापूरकडे जाणाऱ्या जीपगाड्यांची रांग लागली होती, आणि मला वाटलं, सुट्टी असेल. चंद्राच्या कला आम्हाला शाळेत इंग्रजीतून अगदी आकृतीसकट शिकवल्या होत्या. कुठल्या कलेला काय करायचं नसतं, ते त्या धड्यात नव्हतं.

काकू त्या वेळी कर्जतला माहेरी होत्या. आदल्या दिवशी गेल्या होत्या आणि परत आल्या त्या दहा दिवसांनी, सोमवारी रात्री. मंगळवारी संध्याकाळी वाळवण गोळा करायला वर आल्या, मागे वळल्या, आणि त्यांना लिंबं दिसली.

तोपर्यंत माझा राजमा शिजला होता, कांदा परतून झाला होता, आणि मी फक्त एवढंच करायचं ठरवलं होतं की मेथी चिरायला घेण्याआधी बाहेर जाऊन लिंबं काढून आणायची.

खिडकीतून मी ऐकत राहिले. काका म्हणत होते, लिंबूच हाय गं ते, पोरंटोरं बांधत्यात कायबाय. काकूंनी विचारलं की या घरात पोरंटोरं कुठायत. मग त्यांनी गेल्या दहा दिवसांत काय काय झालं ते सांगायला सुरुवात केली. मिक्सर जळाला. कर्जतहून येताना एसटी पंक्चर झाली. काकांचा गुडघा दुखतोय. काका म्हणाले, गुडघा मी रिटायर झाल्यापासून दुखतोय. काकूंनी ते ऐकून घेतलं नाही. आणि कुरडया, त्या म्हणाल्या. वरनं अख्ख्या, खालनं भुगा. असं कधी झालंय का.

मी खिडकीपासून एक पाऊल मागे सरकले.

"मी नसताना गच्ची कुनाकडं हुती?" काकू म्हणाल्या.

गच्ची कुणाकडे होती ते सगळ्यांना माहीत होतं. धाकट्या काकूंकडे. काकूंची धाकटी जाऊ. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात त्या राहतात, मागच्या अर्ध्यात काकू, आणि जिना, अंगण, गच्ची सामाईक. काकांच्या धाकट्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली आहेत. त्या गुरुवारी, म्हणजे परवाच, धाकट्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा होता आणि वडिलांच्या जागी काका बसणार होते. पाहुण्यांची जेवणं काकूंच्या अंगणात, आचाऱ्याच्या चुली काकूंच्या परसात. त्यासाठीच तर काकू कर्जतहून सोमवारी परत आल्या होत्या.

आणि आता काकू गच्चीवर उभं राहून म्हणत होत्या की परवा आपण जायचं नाही. काका गुडघा चोळत राहिले. मग एवढंच म्हणाले, "माझ्या भावाची पोरगी हाय ती."

मी ठरवलं की लगेच बाहेर जाऊन सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलं. काकू, ती लिंबं माझी आहेत. पाच शब्द. मी ते मनात चार वेळा म्हटलं. अजून थोडं बळ यावं म्हणून मेथी भराभर चिरून बाकीच्या पाल्यासकट कढईत टाकली, म्हणजे दार उघडायला एक कारणही होईल, धूर झाला म्हणून. अशी कारणं तयार ठेवल्याशिवाय मला कुठलंच दार उघडता येत नाही.

दार उघडलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कालथा होता.

"काकू, लिंबू," मी म्हटलं, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत.

काकूंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या म्हणाल्या की लिंबू फ्रिजच्या दारात आहे, मीच आणून देते, तू या दारातनं येऊ नको पोरी, आत जा. आणि पदर डोक्यावर घेऊन, मान वाकवून, माझ्या लिंबांखालून घाईघाईने जिना उतरून गेल्या. काका आणि मी गच्चीवर उभे राहिलो. काकांनी लिंबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कुरडयांकडे.

"उकडल्यावानी दिसत्यात," ते म्हणाले.

मी म्हणू शकले असते, हो, मिठाच्या पाण्यात, दहा मिनिटं. मी म्हटलं, "भाजी करपेल," आणि आत पळाले.

भाजी करपत नव्हती. काळी पडत होती, आणि व्हिडिओतल्या बाईच्या मते तेच बरोबर होतं. एवढा मोठा पालेभाज्यांचा ढीग कढईत मूठभर उरला होता आणि खोलीभर मेथीचा असा वास सुटला होता की मला थोडा वेळ स्वतःचा अभिमानही वाटला. तेवढ्यात काकू आल्या. एका हातात ताजं पिवळं लिंबू, दुसऱ्या मुठीत मीठ आणि मोहरी.

मला समोर उभं करून त्यांनी माझी दृष्ट काढली. मूठ माझ्या डोक्यावरून पायापर्यंत फिरवताना त्या सारखं म्हणत होत्या की परक्याची पोर आहे, हिला काही व्हायला नको, हिच्या आईला मी काय तोंड दाखवू. मी कालथा हातात धरून शहाण्यासारखी उभी राहिले. स्वतःच्या लिंबांची दृष्ट स्वतःवरून काढून घेणारी मी जिल्ह्यात पहिलीच असेन. आईला मी दहा महिन्यांत जेवढी काळजी करू दिली नव्हती, तेवढी काकूंनी त्या पाच मिनिटांत केली, आणि त्यामुळे सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं. आपल्यासाठी मीठमोहरी ओवाळणाऱ्या बाईला, मुळात हे माझंच आहे, असं कसं सांगायचं?

मूठ गॅसवर टाकायला त्या वळल्या आणि कढईत बघून थांबल्या.

"भाजीबी काळी पडली," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ती तशीच असते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आजारी माणूस स्वतःहून म्हणतो ना, मी बरा आहे, आणि आपण मान हलवतो, तसं.

"कुठं असती तशी?"

"इराणमध्ये."

काकूंनी कढईत पुन्हा एकदा वाकून बघितलं. मग त्यांनी विचारलं, पेट्रोल तिथनंच येतं का? मी हो म्हटलं, कारण त्या क्षणी मला एकतरी प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं होतं आणि हे साधारण खरं होतं. मोहरी दुसऱ्या शेगडीवर तडतडली. काकू म्हणाल्या, बघ कशी तडतडतीय, म्हणजे लई होती. मोहरी नेहमीच तडतडते, हे मी बोलले नाही. एकंदरीत त्या संध्याकाळी मी काय काय बोलले नाही त्याची यादी फार मोठी आहे.

जाताना त्यांनी बजावलं की मी आतच थांबायचं. काका आता चिमट्याने ते उतरवतील आणि अंधार पडायच्या आत कॅनॉलमध्ये सोडून येतील.

कॅनॉल. हे ऐकून मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. साखरपुडा, दोन जावा, सहा वर्षांपूर्वी गेलेला भाऊ, हे सगळं बाजूला राहिलं आणि पहिल्यांदा मनात आलं की दहा दिवसांचं ऊन वाया जाणार. राजमा कढईत घातला होता, पाणी घातलं होतं, गॅस बारीक केला होता. भाजी लिंबांची वाट बघत होती. ओट्यावर काकूंनी आणलेलं पिवळं लिंबू होतं, पण त्याचं इथे काम नव्हतं. ती बाई स्पष्ट म्हणाली होती, ताज्या लिंबाने ती चव येत नाही.

बाहेर काका खाटेवर चढायचा प्रयत्न करत होते आणि काकू त्यांना गुडघ्यावरून बोलत होत्या. मी पुन्हा दारात आले. म्हटलं, काका, मी काढते. हे मी मोठ्याने म्हटलं, आणि मला वाटलं, जमलं, आता पुढचंही येईल. पण काकूंनी मला हाताने मागे सारलं. लग्नाच्या पोरीनं असल्या वस्तूला हात लावायचा नसतो, एवढंही कळत नाही का, त्या म्हणाल्या, आणि मग काकांना म्हणाल्या की हिला कळत नाही, ही इंग्रजी शाळेतली आहे. काकांनी मान हलवली. माझ्याबद्दल कुणी एवढ्या आपुलकीने आणि एवढं चुकीचं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. चुकीचंही नव्हतं म्हणा. खरंच कळत नव्हतं.

काकांनी चिमट्यात माळ धरली आणि हात लांब करून, तोंड बाजूला फिरवून, एक एक पायरी उतरायला लागले. त्यांच्यामागे काकू, आणि काकूंच्या मागे, सांगितलेलं न ऐकता, कालथा घेऊन मी. मला अजूनही वाटत होतं की जिन्यात कुठेतरी बोलता येईल. जिना बारा पायऱ्यांचा आहे. मी तो रोज दोनदा उतरते. त्या दिवशी तो चार पायऱ्यांचा असल्यासारखा संपला.

खाली अंगणात धाकट्या काकू उभ्या होत्या. त्या काकूंकडेच यायला निघाल्या होत्या. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. गुरुवारी काकूंनी नेसावी म्हणून त्यांनी साडी आणली होती. चिमट्यातली लिंबं त्यांनी बघितली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"काढलंत एकदाचं," त्या म्हणाल्या.

काकू म्हणाल्या, म्हणजे तुला ठाऊक होतं.

धाकट्या काकू म्हणाल्या की न ठाऊक असायला काय झालं, दहा दिवस रोज वाळवणाला वर जाते, रोज त्या माळेखालून जाते. त्या रागाने बोलत नव्हत्या. आधीपासून तयार करून ठेवलेलं पाठ म्हणून दाखवावं तशा, सपाट आवाजात बोलत होत्या, आणि तो आवाज मला चांगला ओळखू आला, कारण मीही वरून तसलंच वाक्य घेऊन खाली आले होते.

"मग बांधलं कुनी?" काकूंनी विचारलं.

"आक्का, तुमीच की. कर्जतला जायच्या आदी."

काका चिमटा तसाच धरून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. लिंबं हळूहळू गोल फिरत होती.

मग एकेक बाहेर यायला लागलं. धाकट्या काकूंनी शनिवारी दुपारी लिंबं बघितली तेव्हाच त्यांना वाटलं होतं की पोरीचा साखरपुडा ठरलेला थोरलीला बघवला नाही. कुणाला बोलल्या नाहीत. त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून शिंगणापूरला गेल्या, तेल वाहून आल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी जिन्याखाली दिवा लावत होत्या. तो दिवा मी रोज बघत होते. मला वाटायचं, जिन्यातला बल्ब गेलाय म्हणून कुणीतरी माझी सोय केली आहे, आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले होते.

काकू म्हणाल्या, मी? माझ्या पुतनीवर? धाकट्या काकू म्हणाल्या, मग मी? तुमच्या घरावर? आन ओवली कशी असतील मी ती लिंबं, सुईचं भोक दिसतं का मला? पोरीच्या परकराला इलॅस्टिक घालायचं तरी मी तुमच्याकडं पळत येते, तुमीच देता की दोरा ओवून.

काकू क्षणभर थांबल्या. मला वाटलं, मिटलं. पण ज्या माणसाने आधीच गुडघा, मिक्सर आणि एसटी जमा करून ठेवले आहेत, त्याला एका सुईवरून मागे फिरता येत नाही. त्यांनी कुरडया काढल्या. वरून अख्ख्या, खालून भुगा. असलं मांडून ठेवणं हे साध्या माणसाचं काम नाही, त्या म्हणाल्या, आणि या एका बाबतीत धाकट्या काकूंना उत्तर देता येईना, कारण ते खरोखर साध्या माणसाचं काम नव्हतं. ते माझं होतं.

"परवा आमी येत न्हाई," काकू म्हणाल्या. "आचाऱ्याला सांग, चुली दुसरीकडं मांड म्हनावं."

धाकट्या काकूंनी साडीची पिशवी पायरीवर ठेवली. नका येऊ, असं म्हणाल्या, पण ते इतकं हळू होतं की तोंड बघूनच कळलं. पिशवीतून साडीचा काठ दिसत होता. हिरवा होता. ती रंग बघून, काकूंना शोभेल असा निवडून आणलेली होती, हे कुणालाही कळलं असतं. पोरीच्या वडिलांच्या जागी बसणारे काका अंगणाच्या मधोमध चिमटा घेऊन उभे होते, हात अवघडला म्हणून चिमटा या हातातून त्या हातात घेत होते, आणि लिंबांच्या आतलं बी वाजत होतं. व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं तसंच. म्हणजे नीट वाळली होती.

काकांनी माझ्याकडे बघितलं. वरून, माझ्या खिडकीतून, मेथीचा वास अंगणात उतरला होता, आणि त्यात थोडासा दुसरा वासही होता, खाली लागायला सुरुवात होते तेव्हा येतो तो.

मी पुढे गेले आणि चिमट्यातली माळ हाताने काढून घेतली. काकूंनी तोंडावर पदर धरला. धाकट्या काकूंनी मॅडम म्हणून हाक मारली. त्या मला मॅडमच म्हणतात. मला वाटतं दोघी एकदमच पुढे आल्या, माझ्या हातातून ती ओढून घ्यायला, एकीने हा हात धरला आणि दुसरीने तो. कालथा खाली पडला. वरती मनात पाठ केलेलं पाच शब्दांचं वाक्य मला आता आठवत नव्हतं, त्यामुळे जे येईल ते बोलावं लागलं, आणि त्या घरात राहायला आल्यापासून एका दमात मी एवढं कधीच बोलले नव्हते.

"काकू, ही मी वाळत घातली होती. दोघींपैकी कुणीच काही केलेलं नाही. ते बिब्बा नाही, बटण आहे, आणि अमावास्या होती हे मला माहीत नव्हतं. कुरडयांवर माझा पाय पडला, मी चुरा खाली लपवला, त्या मी पुन्हा करून देईन, मला येत नाहीत पण शिकेन. ही लिंबं भाजीत घालायची असतात, इराणमध्ये सगळे घालतात, कुणाला काही होत नाही. आणि माझा हात सोडा आता, भाजी खाली लागतेय."